उ: बातम्यांची विश्वासार्हता कशी ओळखावी?

"सगळेच विकले गेलेत, दोन्ही बाजूंचं वाचा आणि मधलं घ्या" असं या प्रश्नावर वर कुणीतरी म्हटलंय, ते मत मला पटत नाही. कल आणि विश्वासार्हता या वेगळ्या गोष्टी आहेत. एखादं पोर्टल उघडपणे एका पक्षाकडे झुकलेलं असेल, पण गावाचं नाव, तारीख, कोण बोललं हे नीट देत असेल, चूक झाली तर दुरुस्ती छापत असेल, तर ते मी वाचतो.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरचंच बघा. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या बारसू गावच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) तेल रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, विरोध म्हणून बायाबापड्या रस्त्यावर बसल्या. अशा बातमीत आधी कर्ता शोधा. 'आंदोलक हटवले' आणि 'पोलिसांनी आंदोलकांना हटवलं' यात फरक आहे. मग गाळलेलं शोधा: त्या सड्यावरच्या कातळशिल्पांचा, म्हणजे खडकात कोरलेल्या जुन्या चित्रांचा, उल्लेख आहे का? प्रकल्पाला पाठिंबा देणारे गाववाले कुठे दिसतात का? 'बाहेरचे लोक' म्हटलं असेल तर कुठले, ते कुणी सांगितलं? माझ्या मते खरा पक्षपात अशा गाळण्यातच जास्त असतो, भडक मथळ्यात तो निदान दिसतो तरी.

अजून एक. २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनुसार डिजिटल बातमीदारांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. साइटवर त्याचं नाव, पत्ता, संपादक काहीच सापडत नसेल, तर तिथली बातमी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कृपया पुढे ढकलू नका. निवडणुकीच्या तोंडावर तर नकोच.