काकाशी आणि गोजो खरंच सारखे दिसतात का? (झेरॉक्सच्या दुकानात सुरू झालेला वाद)

कोथरूडचा_शिनोबी:
मंडळी एक वाद सोडवा. रविवारी बहिणीबरोबर अप्पा बळवंत चौकात गेलो होतो, तिची अकरावीची पुस्तकं घ्यायची होती, तिथेच एका दुकानात दोन चित्रांचे प्रिंट काढले, माझा काकाशी (नारुतो या जपानी मालिकेतला मास्तर) आणि तिचा गोजो (जुजुत्सु कायसेन या मालिकेतला मास्तर), कलर महाग पडत होता म्हणून ब्लॅक अँड व्हाइट. दुकानातल्या काकांनी दोन्ही कागद शेजारी धरले, आलटून पालटून बघितले आणि म्हणाले, "हा तोच आहे ना? इथं तोंड झाकलंय, इथं डोळे." बहीण अशी चिडली की बसमध्ये कोथरूड डेपो येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आता मी नारुतोवर वाढलोय, ती जुजुत्सु कायसेनवर. मला पहिल्यापासून वाटतं की गोजो हा काकाशीवरूनच आलाय, पांढरे उभे केस, डोळा झाकलेला आणि त्याच डोळ्यात खास ताकद, वर हाताखाली दोन पोरं आणि एक पोरगी. ती म्हणते दादा तुला केसांच्या पुढे काही दिसतच नाही. तर तुम्हाला कुठल्या जोड्या सारख्या वाटतात आणि हे इतक्या वेळा का होतं? आणि एकच सिरीज निवडायची तर कुठली, पण कारण द्या, नुसतं "अमुक बेस्ट" नको.

शाईचा_डाग:
काकांनी अगदी बरोबर पकडलंय, कारण तुम्ही त्या दोघांना परत मांगाच्या, म्हणजे मूळ जपानी कॉमिकच्या पानावर नेऊन ठेवलंत. मी कमर्शियल आर्ट केलंय, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून हातात ब्रश आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. साप्ताहिक मांगा छापला जातो एकाच शाईत. म्हणजे केसांसाठी चित्रकाराकडे तीनच पर्याय, काळे भरून टाकायचे, स्क्रीनटोन (ठिपक्यांचा चिकटपट्टीसारखा कागद) लावून राखाडी करायचे नाहीतर कागद कोराच सोडायचा. कोरा सोडला की पांढरे केस, चंदेरी केस, पिवळे केस सगळे सारखेच दिसतात, रंग नंतर अ‍ॅनिमेमध्ये, म्हणजे त्यावरून बनलेल्या कार्टून मालिकेत कळतो. आणि आठवड्याला साधारण १९ पानं काढायची म्हटल्यावर जो माणूस प्रत्येक चौकटीत आहे त्याचे केस भरत बसायला वेळ कुठून आणणार? त्यात शेजारी काळ्या केसांचा कुणी असला की कोरे केस लगेच उठून दिसतात. नारुतोमधले नारुतो-सासुके बघा, हंटर एक्स हंटरमधले गोन-किलुआ बघा, एक भरलेला एक कोरा, पान नुसतं चाळलं तरी कोण कुठंय ते कळतं.

म्हणून केस सारखे म्हणजे कॉपी असं मी म्हणणार नाही. जुजुत्सु कायसेनचे लेखक अकुतामी यांच्यावर हंटर एक्स हंटर आणि ब्लीच या मांगांचा प्रभाव आहे हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, लपवलेलं काही नाही. माझी सिरीज हंटर एक्स हंटर, २०११ ची, १४८ भाग. तिचा लेखक तोगाशी लढाईआधी नियम मांडतो आणि मग त्याच नियमांनी पात्रांना कोंडीत पकडतो, तसं मला दुसरीकडे कुठेच सापडलं नाही.

आखणीवाली:
माझं माहेर कसबा पेठेतलं, कुंभारवाड्याजवळ, आमच्या घरी गणपती होतात. यावर मला बोलायचंच आहे. एका साच्यातून पन्नास मूर्ती निघतात, सोंड तीच, पोट तेच, पण डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी मूर्तीला मूर्ती म्हणत नाही. बुबुळ वरच्या पापणीला टेकलं की नजर शांत वाटते, तेच जरा खाली सरकून वर पांढरं दिसायला लागलं की तीच मूर्ती दचकल्यासारखी दिसते. केसभराचा फरक असतो तो, बाबा आखणी करताना श्वास धरून बसायचे आणि आम्हाला त्या खोलीत बोलायला बंदी.

आता तुझे दोन प्रिंट बघ. काकाशीचा जो एक डोळा दिसतो त्याची पापणी अर्धी मिटलेली, झोपेतून उठल्यासारखा. गोजोचे डोळे पूर्ण उघडे, फिकट निळे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. दोघांना वेगळं करणारी जागा तीच आणि तुझ्या चित्रात गोजोची नेमकी तीच पट्टीखाली गेलीये, मग उरला फक्त साचा. तुझी बहीण चिडली ते मला पटलं. ती डोळे आठवून बघत होती, काका कागद बघत होते.

माझी जोडी माय हिरो अकॅडेमियामधला तोदोरोकी आणि अवतारमधला झुको. दोघांनाही डाव्या डोळ्यावर भाजल्याची खूण, दोघांचेही बाप आगीवाले आणि हुकूमशहा. पण झुकोला बापाने जाळलं, आणि तोदोरोकीवर आईने उकळतं पाणी टाकलं, तेही बापाच्या छळाने ती मोडून गेली होती म्हणून. खूण एकच पण एकाला बापाची मान्यता हवीये, दुसऱ्याला बापाकडून मिळालेली अर्धी ताकद वापरायचीच नाहीये.

सदाशिव_सेन्साई:
अवतार हे अ‍ॅनिमे नाही, अमेरिकन सिरीज आहे, २००५ ची. तुलना छान आहे, फक्त नोंद म्हणून सांगितलं.

सारख्या चेहऱ्यांबद्दल अ‍ॅस्ट्रो बॉयचे मांगाकार तेझुका यांचं नाव यायलाच हवं. आपल्याकडे नाटक कंपनीत नटसंच असतो ना, आज जो राजा झाला तोच उद्याच्या प्रयोगात कारकून, तसंच तेझुका आपल्या पात्रांना नट समजायचे. तो टकला मिशीवाला हिगेओयाजी अ‍ॅस्ट्रो बॉयमध्ये मास्तर आहे आणि दुसऱ्या कथांत डिटेक्टिव्ह. याला स्टार सिस्टिम म्हणतात. मांगाकार हिरो माशिमाने तेच केलं, रेव्ह मास्टरमधला झीग आणि फेअरी टेलमधला जेलाल शेजारी ठेवा, निळे केस, चेहऱ्यावरची खूणसुद्धा तीच. यात आळस बघणाऱ्यांशी माझं जमत नाही, आवडता नट परत रंगमंचावर आल्याचा आनंद असतो तो.

माझी निवड फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूड. ६४ भाग, फापटपसारा नाही, आणि जे मिळवायचं त्याची किंमत मोजावीच लागते हा नियम लेखिकेने शेवटच्या भागापर्यंत मोडला नाही. ही लेखिका अराकावा, जपानच्या होक्काइदोच्या दुधाच्या धंद्यातल्या घरातली, मला वाटतं म्हणूनच त्यांच्या कथेत भूक, मांस, जमीन, मरण सगळं खरं वाटतं. नारुतो २२० भाग आणि त्याची पुढची मालिका शिप्पुदेन ५००, त्यात फिलर (मूळ कथेत नसलेले भरीचे भाग) किती ते ज्याने पाहिलंय त्याला विचारा.

कोथरूडचा_शिनोबी:
सेन्साई फिलरचं मान्य, पण नारुतो सोडणार नाही. एकटं जेवणाऱ्या पोराला एक मास्तर रामेन खायला नेतो एवढ्यावर मी आजही हलतो. मात्र काल बहिणीने मला एका मुद्द्यावर गप्प केलं. चुनिन परीक्षेच्या (निन्जांच्या बढतीच्या परीक्षेच्या) शेवटच्या महिन्यात काकाशीने सासुकेला चिदोरी हे विजेचं तंत्र शिकवलं आणि नारुतोला एबिसू नावाच्या दुसऱ्या मास्तरकडे सोपवलं, नंतर जिराइया हा गुरू भेटला म्हणून निभावलं. आणि गोजोने त्याच्या शिष्याला, युजीला, तळघरात बसवून सिनेमे दाखवले, हातात ती बाहुली, मन जरा ढळलं की ठोसा, म्हणजे त्या पोराला नक्की काय येत नाही ते ओळखून शिकवणं. मी म्हणलं शिप्पुदेनमध्ये काकाशीने यामातो या सहकाऱ्याला घेऊन नारुतोला वाऱ्याचं तंत्र शिकवलंच की, ती म्हणे हो पण तोवर किती वर्षं गेली.

आखणीवाली, तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली. तिने दोन्ही प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवला, आतलं काहीच न काढता फक्त बाहेरची कड घेतली आणि मार्करने पूर्ण काळं भरलं. मग ते आईसमोर ठेवले, आईने दोन्ही सिरीज बघितलेल्या नाहीत. आई म्हणाली हा खांदे पाडून पुस्तक धरलेला दमलाय बिचारा, आणि हा खिशात हात घालून ताठ उभा आहे त्याला कुणाचीच भीती नाही. बहिणीने दोन्ही कागद कपाटाच्या दारावर लावलेत.

ती विचारतेय, शाईचा_डाग, सुरुवातीला कुठली निब घ्यावी?

शाईचा_डाग:
जी-पेनची (मांगासाठी वापरतात ती लवचीक) निब आणि लाकडी होल्डर, वॉटरप्रूफ काळी शाई. तिला सांगा पहिला आठवडा चेहरा काढायचाच नाही, फक्त केस, एक भरलेले एक कोरे. आणि नवी निब शाईत बुडवायच्या आधी पुसून घ्यायची, तिच्यावर तेल असतं, नाहीतर शाई धरत नाही.