जुन्या जीपीएसवर पायवाटा दिसत नाहीत, मदत हवी आहे

मंडळी, माझ्याकडे दोन एए सेलवर चालणारा जुना हातातला जीपीएस आहे, गाडीत आणि ट्रेकला तोच वापरतो. तारीख १०२४ आठवडे मागची दाखवतो, २०१९ च्या वीक रोलओव्हरचाच (जीपीएसची आठवड्यांची मोजणी दर १०२४ आठवड्यांनी परत शून्यावर येते) प्रकार असणार, फर्मवेअर शेवटचंच आहे, रीसेट करून झालं, पण लोकेशन बरोबर येतं त्यामुळे ते चालवून घेईन. खरी अडचण नकाशाची आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून बनवलेली आयएमजी फाइल (जीपीएसमध्ये चालणारा नकाशा) २ जीबीच्या कार्डवर टाकली, राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यापर्यंत गाडीचा रूट झकास देतो पण राजगड-तोरणा धारेवरची पायवाट कितीही झूम केलं, डिटेल मॅक्झिमम ठेवला तरी दिसत नाही, वेबसाइटवर मात्र तीच वाट स्पष्ट आहे. फोनवरची अ‍ॅप्स कृपया सुचवू नका, दिवसभराच्या चालीत बॅटरी पुरत नाही. पायवाटा दिसायला नकाशा बनवतानाच वेगळी स्टाइल (नकाशात काय काय दाखवायचं ते ठरवणारे नियम) निवडावी लागते का, की जीपीएक्स ट्रॅक (वाटेची नोंदलेली रेघ असलेली फाइल) वेगळा टाकणं हाच उपाय आहे?