मदत हवी आहे: 'एमएसएमईचे हक्क लागू नाहीत' असं ग्राहक कंपनी लिहून मागतेय

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी टर्निंग, एक व्हीएमसी, बाकी ड्रिलिंग-टॅपिंग. निम्म्याहून जास्त काम चाकणच्या एका कंपनीचं. नाव घेत नाही, उद्या परत त्याच गेटवर टेम्पो उभा करायचाय. मटेरियल बहुतेक त्यांचंच असतं, आम्ही मशिनिंग करून देतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) २०२० पासून आहे आणि प्रत्येक बिलावर नंबर छापलेला आहे.

पीओवर (परचेस ऑर्डरवर) छापलेलं असतं '९० डेज फ्रॉम जीआरएन', म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद झाल्यापासून ९० दिवसांनी पैसे. आता हा जीआरएन म्हणजे काय प्रकार आहे ते ऐका. माल गेटवर पोचतो, सिक्युरिटीवाला चलनावर तारखेचा शिक्का मारतो, माल स्टोअरला जातो आणि लाइनवर लागूनही जातो. जीआरएन मात्र निघतो दहा-पंधरा दिवसांनी, कारण 'सिस्टीममध्ये पेंडिंग आहे'. नव्वद दिवस तिथून मोजायचे. त्यानंतर 'पेमेंट रन' महिन्यातून एकदाच.

आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ग्राहक कंपनीला त्या खर्चाची वजावट मिळत नाही, तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं. २०२४ चा मार्च आठवतोय, ज्या परचेसवाल्यांनी वर्षभर फोन उचलला नव्हता ते स्वतः 'उद्यम सर्टिफिकेट पाठवा' म्हणून मागे लागले होते. पण गंमत अशी की खर्चाची वजावट अडकते ती ३१ मार्चला मुदत उलटून बाकी राहिलेल्या रकमेवर. जूनचं बिल जानेवारीत दिलं तरी त्यांचा टॅक्स वाढत नाही. त्यामुळे मार्चमध्ये पैसे येतात आणि एप्रिलपासून पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आता नवीन. परवा त्यांच्या अकाउंट्सकडून मेल आला, सोबत एका पानाचं पत्र, आमच्या लेटरहेडवर छापून सही-शिक्क्यासह मागितलंय. मजकूर साधारण असा: आम्ही आपणास ट्रेडर म्हणून माल पुरवतो, एमएसएमईडी कायद्याच्या (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा) विलंबित देयकाच्या, म्हणजे उशिरा मिळणाऱ्या पैशांच्या, तरतुदी आपल्या व्यवहारास लागू नाहीत, आणि ९० दिवसांची मुदत आम्हाला मान्य आहे. फोन केला तर म्हणे, "अहो, एक एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, ते ४३बी वगैरे गेलं. ही फक्त फॉर्मॅलिटी आहे." फॉर्मॅलिटी असेल तर एवढी घाई कशाला, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

भरीला जीएसटी. आमचं जॉबवर्क १२ टक्क्यांत होतं, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालं. बिल टाकलं की कर पुढच्या महिन्यात भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. तो जातो बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटमधून, व्याज आमचं.

विचारायचं हे की सही केली तर हक्क खरंच जातो का? नाही केली तर नीट शब्दांत काय कळवावं? आणि काम न घालवता थकलेले पैसे काढायचा कुणाला अनुभव आहे का? 'केस ठोका' हे आमच्या मेव्हण्यांनी आधीच सांगितलंय, त्यामुळे ते सोडून.

---

टॅली आणि चहा:

दादा, सही करू नका. तुम्ही मशिनिंग करता, ट्रेडर नाहीच, म्हणजे पत्र मुळातच खोटं आहे. ट्रेडरचा मुद्दा ते काढतात कारण जुलै २०२१ मध्ये घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी दिली ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, विलंबित देयकाचं संरक्षण त्यांना नाही. तुम्हाला त्या खणात ढकललं की त्यांचं काम झालं. कलम २४ प्रमाणे एमएसएमईडी कायद्याच्या या तरतुदी इतर कायद्यांवर वरचढ आहेत हे खरं, पण तुमच्याच सहीचा कागद उद्या तुमच्यापुढे नाचवतील.

कलम १५ सांगतं की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० छापा नाहीतर ९००. दिवस जीआरएनपासून मोजत नाहीत. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही तर प्रत्यक्ष डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. म्हणजे तो सिक्युरिटीवाल्याचा शिक्का हे तुमचं सोनं आहे. शिक्का मारलेल्या चलनाच्या प्रती नीट फाइल करा, फोटोही काढून ठेवा.

'४३बी गेलं' ही निव्वळ थाप. नव्या कायद्यात कलमाचा नंबर बदलला, ३७ झाला. सूक्ष्म-लघु उद्योगांची तरतूद तशीच आहे. आयकराचं कलम उद्या गेलं तरी तुमचा ४५ दिवसांचा हक्क दुसऱ्या कायद्यातला आहे, तो कुठे जातो?

---

चिंचवडचे काका:

भाऊ, आमच्याकडेही असंच पत्र आलं होतं. सरळ नाही म्हणू नये. मी मेलवर लिहिलं: "आम्ही उत्पादन-सेवा गटात नोंदलेलो आहोत, उद्यम प्रमाणपत्र सोबत जोडलंय, त्यामुळे ट्रेडर म्हणून घोषणा देता येत नाही." बस्स, पुढे एक शब्द नाही. त्यानंतर दर महिन्याला थकीत बिलांचं स्टेटमेंट पाठवायचं, परचेसला नव्हे, फायनान्स हेडला. खाली एक ओळ व्याजाची: कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने. बँक रेट ५.५ धरा, म्हणजे १६.५ टक्के. व्याज मागायचं नाही, फक्त दिसू द्यायचं. फायनान्सवाल्याला ते बरोबर बोचतं, कारण थकबाकी वार्षिक हिशेबात दाखवावी लागते आणि ४५ दिवसांवरच्या बाकीचा फॉर्म एमएसएमई-१ सहामाही भरावा लागतो. आणि १८० दिवस उलटले तर तुमच्या बिलावर घेतलेलं जीएसटी क्रेडिटही व्याजासकट परत करावं लागतं.

कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे का बघा. असेल तर ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर (लघुउद्योगांची बिलं बँकांना विकून लवकर पैसे मिळवायची ऑनलाइन व्यवस्था) नोंदणी सक्तीची होती. "आमची बिलं ट्रेड्सवर घ्या" म्हणणं ही तक्रार होत नाही, विनंती होते. तिथे त्यांनी बिल मान्य केलं की बँक पैसे देते, आणि त्यांनी नंतर बुडवलं तरी ती तुमच्या मागे लागत नाही.

---

धागाकर्ता:

काका, टॅली, मनापासून आभार. उलाढाल २५० च्या बरीच वर आहे. ट्रेड्सचं आमच्या परचेसवाल्याला नावही माहीत नसणार, फायनान्स हेडचा मेल शोधतो. एक राहिलं. काही बिलं २०२३ ची आहेत, 'रिजेक्शन'च्या नावाखाली अडकवलेली. लेखी हरकत तेव्हा आली नव्हती, डेबिट नोट (आमच्या बिलातून रक्कम कापल्याचा त्यांचा कागद) आली आठ महिन्यांनी. त्यांचं काय?

---

टॅली आणि चहा:

ती वेगळी काढा, आणि वेळ घालवू नका. याच कायद्याखालच्या कौन्सिलमध्ये (थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणारी सरकारी समिती) आधी समेट, तो फसला तर आर्बिट्रेशन, म्हणजे लवाद. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की समेटाच्या टप्प्याला मुदतीचा कायदा (दावा किती वर्षांत करायचा ते ठरवणारा) लागत नाही, आर्बिट्रेशनला लागतो. म्हणजे तीन वर्षं होऊन गेली की अडचण. बिलांच्या तारखा आजच वहीत उतरवा, सगळ्यात जुनं वर. मग त्यांच्याकडून बाकी कबूल करणारा सहीचा एखादा बॅलन्स कन्फर्मेशन मिळतोय का बघा. मुदत संपायच्या आत मिळाला तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. ऑडिटच्या वेळी ते स्वतःच पाठवतात, तो बिलांशी ताडून मगच परत करा, रिजेक्शनची रक्कम वजा केलेली असेल तर तसं लिहून.