मदत हवी आहे: लिनक्स मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये रिकामी जागा 'अनयूजेबल' दिसते

इंदूरमधल्या आमच्या मंडळाच्या वाचनालयातला डेस्कटॉप, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १० लेगसी (जुन्या बायोस) मोडमध्ये, पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची नोंद) जुन्या एमबीआर पद्धतीचं. शेजारी मिंट २१.३ टाकायचं आहे. डी ड्राइव्ह आकसून शेवटी १०० जीबी मोकळे केले, पण इन्स्टॉलर त्याला 'अनयूजेबल' म्हणतो. पुढे एक अक्षर नाही!

कारण उघड आहे: चार प्रायमरी (मुख्य) पार्टिशन आधीच भरलेली आहेत. क्रमाने सिस्टम रिझर्व्ह्ड, सी, सुमारे ५०० एमबीचं रिकव्हरी, आणि डी. एमबीआरमध्ये पाचवं बसत नाही. जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) करावं म्हणून विंडोजचं एमबीआर-टू-जीपीटी टूल 'व्हॅलिडेट'सह (नुसती तपासणी) चालवलं, तर 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड'. तेही बरोबरच, त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालतात.

फास्ट स्टार्टअप बंद, बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) नाही, डिस्कची तपासणी स्वच्छ, डीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आहे. मदरबोर्डला यूईएफआय (बायोसची नवी जागा घेणारं) आहे. जेल रोडवरच्या दुकानांत विचारलं तर एकच उत्तर, सगळं फॉर्मॅट करा. ते नको, सीवरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सेटअप आता मिळत नाही. डायनॅमिक डिस्कही (विंडोजची वेगळी विभागणी पद्धत) सुचवू नका, त्यावर मिंट बसवणं म्हणजे नवी डोकेदुखी.

आता 'रीएजंटसी डिसेबल' (विंडोजची रिकव्हरी सोय बंद करणारी कमांड) करून रिकव्हरी पार्टिशन उडवणार, तिथवर ठीक. त्यानंतर लेगसीतच राहून शेवटच्या १०० जीबीत एक्स्टेंडेड (आत आणखी पार्टिशन मावणारं) करून त्यातल्या लॉजिकल पार्टिशनवर मिंट टाकावं, की जीपीटी करावं? आणि जीपीटी केलं, तर ईएफआय पार्टिशन (यूईएफआयला बूटसाठी लागणारं) रिकव्हरीच्या रिकाम्या ५०० एमबीत बसतं, की त्यासाठी सी आकसलं जातं?