मदत हवी आहे: लेन असिस्ट आणि अचानक लागणारे ब्रेक

नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले नवीन गाडी घेऊन, त्यात लेव्हल २ वालं सॉफ्टवेअर आहे म्हणजे लेन धरून चालवणं, पुढच्या गाडीशी अंतर राखणं वगैरे, आणि खरं सांगायचं तर हायवेवर सरळ रस्ता असला की फार छान वाटतं, पाय अजिबात दुखत नाही.

पण दोनदा असं झालं की समोर काहीच नसताना गाडीने जोरात ब्रेक मारला. एकदा पुलाच्या सावलीत, एकदा वळणावर, बहुतेक शेजारच्या लेनमधला ट्रक बघून. मागे गाडी असती तर? बायको शेजारी होती, ती तर म्हणतेय बंदच कर ते.

दुसरं म्हणजे दोन्ही हात स्टिअरिंगवर असूनही 'हात ठेवा' असा अलर्ट येत राहतो. कोणीतरी सांगितलं की तो सेन्सर स्टिअरिंगवरचा हलका जोर मोजतो, नुसता स्पर्श नाही, म्हणून किंचित ओढ देत राहायची. बरोबर आहे का हे?

लेव्हल २ मध्ये लक्ष आपलंच हवं, जबाबदारी आपलीच, हे मला माहितीये, झोपा काढायच्या नाहीयेत मला. फक्त ज्यांनी वर्षभर वापरलंय त्यांनी सांगा, अंतराचं सेटिंग वाढवल्यावर हे ब्रेक कमी होतात का? आणि पुढची काच मागच्या आठवड्यात बदललीये, तर काचेमागचा, रस्ता बघणारा कॅमेरा परत कॅलिब्रेट करून (म्हणजे नीट जुळवून) घ्यावा लागतो ना? सर्व्हिसवाले 'गरज नाही' म्हणाले, मला पटत नाहीये. प्लीज सांगा, रविवारी आईबाबांना घेऊन लांब जायचंय.