लँडलाईन काढून इंटरनेटवरचा फोन: करावं का?

खरखर
घरची लँडलाईन बंद करायचं जवळजवळ ठरलंय. दोन शब्द ऐकू येतात, तिसरा खरखरीत जातो. पण आईला मोबाइल नको. तिला तोच फोन, तोच नंबर आणि त्याच कोपऱ्यातली खुर्ची हवी. म्हणून इंटरनेटवरची सेवा घ्यायची, राउटरला छोटा अडॅप्टर लावायचा आणि जुना फोन त्यात खुपसायचा. तिला फरक कळणारही नाही. माझ्या मते आता तांब्याच्या तारेला चिकटून राहण्यात काही अर्थ उरलेला नाही. विरोध असेल तर जरूर करा, फक्त ‘जुनं ते सोनं’ नको.

तारवाला
सोन्याचं नाही, तांब्याचंच बोलतो. साध्या लँडलाईनला वीज एक्स्चेंजमधून येते, सुमारे ४८ व्होल्ट डीसी, त्याच दोन तारांवरून. घरातले दिवे गेले तरी तो फोन चालतो, कारण एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असतात. तुमचा अडॅप्टर, राउटर आणि फायबरचा डबा (बाहेरून आलेली फायबरची तार ज्यात जोडतात तो) हे तिन्ही मात्र घरच्या प्लगवर. दिवे गेले की फोन गेला. वयस्कर आई घरात एकटी असताना हे चालेल का, एवढंच सांगा.

खरखर
बॅटरी बॅकअप लावीन की. हे डबे असे कितीशी वीज खातात?

अर्धवट_तंत्रज्ञ
लावाच, पण माझी फजिती ऐकून मग लावा. मी राउटरला बॅकअप दिला, अडॅप्टरला दिला आणि स्वतःवर खूश होऊन बसलो. दिवे गेले. राउटरचे दिवे मस्त लुकलुकतायत, फोन मात्र ठार मुका. भिंतीवरचा फायबरचा डबा साध्या प्लगवरच राहिला होता! साखळीतला प्रत्येक डबा बॅकअपवर हवा. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून बघा.

तारवाला
बघा, म्हणजे फोन राहिला बाजूला, घरात छोटं वीजकेंद्र चालवायचं.

नवी_विटी
तारवाले दादा, तुमचं म्हणणं खरं, पण ज्या तारेसाठी भांडताय ती राहणार आहे का? ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं २०२५ च्या अखेरीस बंद करायचं ठरलं होतं, ते जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकललं. फायबरवर मिळणारी ‘लँडलाईन’ही आतून इंटरनेट फोनच असते. तिलाही घरचीच वीज लागते. तेव्हा तुमच्या घरी खरंच एक्स्चेंजपर्यंत तांबं आहे का, ते आधी तपासा.

तारवाला
ताई, ती तारीख पुढे का गेली तेही सांगा ना. आजारी माणसांच्या गळ्यात मदतीचं बटण असतं, दाबलं की लँडलाईनवरून फोन लागतो. लाईन बदलल्यावर त्यातली काही उपकरणं बंद पडली, म्हणून घाई थांबवावी लागली. चोरीचा अलार्म आणि फॅक्स यांचीही तीच गत होऊ शकते.

नवी_विटी
हे मान्य. आईकडे असं काही असेल तर आधी जोडून पाहायचं, मगच जुनी लाईन सोडायची.

अर्धवट_तंत्रज्ञ
आवाजाचं कोणीच बोललं नाही. जुन्या लाईनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. इंटरनेटवर जी.७२२ कोडेक (आवाज डेटात बदलायची पद्धत) असेल तर ७००० हर्ट्झपर्यंत. ‘स’ आणि ‘फ’ वेगळे ऐकू येतात! मात्र दोन्ही टोकांना आणि मधल्या वाटेवर तो चालायला हवा. जुना फोन अडॅप्टरला लावून ही मजा सहसा मिळत नाही, त्यासाठी फोनही नवा लागतो.
वेग म्हणाल तर जी.७११ या साध्या, जुन्या लाईनइतक्याच आवाजाच्या कोडेकवरच्या कॉलला दर दिशेला शंभर केबीपीएसपेक्षाही कमी पुरतो. खोडा घालते ती अपलोडची गर्दी. घरात कोणी फोटो चढवायला बसलं की आवाज तुटतो. राउटरमध्ये फोनला प्राधान्य द्यायची सोय असेल तर ती चालू करा. आणि एका बाजूचाच आवाज येत असेल तर राउटरमधलं ‘सिप एएलजी’ (इंटरनेट कॉलना राउटरमधून वाट काढून देणारी सोय) बंद करून पाहा. नाव मदतनिसाचं, पण पुष्कळदा घोळ त्याचाच.

खरखर
फोन जुना फिरवायचा आहे, तबकडीचा. चालेल?

अर्धवट_तंत्रज्ञ
अरेरे. बरेच अडॅप्टर फक्त बटणांचे टोन ओळखतात, तबकडीच्या टकटकीला दाद देत नाहीत. ‘पल्स डायलिंग’ चालतं का, हे विकत घेण्याआधी विचारा. नाहीतर फोन येतील, करता येणार नाहीत.

उशिरा_आले
सगळं वाचलं. दोन गोष्टी राहिल्या. नंबर नव्या सेवेकडे वळेपर्यंत जुनी लाईन स्वतः बंद करू नका. आधी बंद केलीत तर नंबर हातचा जाऊ शकतो. दुसरं, तातडीच्या मदतीचा फोन. तांब्याची तार एका पत्त्याला बांधलेली असते. इंटरनेट फोनचा डबा कुठेही नेऊन लावता येतो, म्हणून तुम्ही नोंदवलेला पत्ताच पुढे जातो, आणि काही सेवांवर असा फोन लागतच नाही. सेवा निवडताना मी हेच पहिल्यांदा विचारेन, बाकीच्या सुविधा नंतर.

तारवाला
हेच तर मी मघापासून ओरडतोय.

खरखर
दादा, तुम्ही विजेवर ओरडत होतात. असो. आधी आईला तबकडीबद्दल विचारतो. ती नाही म्हणाली तर हा धागाच बाद.