मदत हवी आहे: व्हिडिओ लहान हवा, पण आकडे वाचता यावेत

करवीर तालुक्यातल्या शाळेत नववीला गणित शिकवतो. धडा मुलांनी घरी व्हिडिओवर बघायचा, उदाहरणं वर्गात सोडवायची, असं सुरू केलंय. वहीवर सोडवताना मोबाईलने वरून शूट करतो. १०८०पीला ८ मिनिटांची फाईल जवळजवळ १ जीबी होते. बऱ्याच घरांत फोन एकच, तोही वडील डेअरीला दूध घालून आल्यावर हातात येतो. तोवर डेटा संपत आलेला. व्हॉट्सॲपवर पाठवून पाहिलं, ४८०पी करून पाहिलं. पण करणीचिन्हाखालचा (√) ३ आणि ८ सारखेच दिसतात. जाड मार्करने थोडा फरक पडला. मुलं मनापासून बघतात, त्यामुळे हे सोडायचं नाही. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. खर्च शून्य हवा. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ लहान करायचं फुकट सॉफ्टवेअर) ७२०पी ठेवून फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) आणि आरएफ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) किती ठेवला, तर फाईल ४० एमबीच्या आत येऊन आकडे स्वच्छ दिसतील?